क्लिफ्टनच्या झुलत्या पुलाचा उद्घाटनाचा दिवस, 8 डिसेंबर 1864 : प्रतिकृतीच्या प्रकल्प नोंदी

6 जुलै. विषय आणि प्रमाण

व्हिक्टोरियन ब्रिटनमधली गावं आपले पूल, जलवाहिन्या, रेल्वेमार्ग कसे साजरे करत, हे दाखवणारं छोटं प्रदर्शन आहे. मुख्य वस्तू एकच: ब्रिस्टलजवळचा क्लिफ्टनचा झुलता पूल, त्याच्या उद्घाटनाच्या संध्याकाळी. हार, बँड, निशाणं, जेवणावळी यांचे फलक कुठेही लावता येतात. आमचा भर वेगळ्या गोष्टीवर आहे. पुलावर लोटलेली गर्दी हा त्या पुलावरचा भार होता, त्यामुळे समारंभ हा बांधकामाचाच एक टप्पा होता. प्रत्येक फलक याच नजरेने लिहायचा.

प्रमाण 1:200. 1:500 घेतलं तर साखळीपासून रस्ता धरणाऱ्या लोंबत्या सळ्या केसाइतक्या बारीक होतात आणि तारेने जमत नाहीत. 1:100 ला नुसता मधला गाळाच 2 मीटरच्या वर जातो. 1:200 ने आलेली मापं अशी:

मनोऱ्यांमधलं अंतर 702 फूट 3 इंच (214 मीटर): 1070 मिमी
एकूण लांबी 412 मीटर: 2060 मिमी
रस्तापट्टीची रुंदी 31 फूट: 47 मिमी
भरतीच्या पाण्यापासून रस्ता 75 मीटर: 375 मिमी
मनोऱ्याची उंची 86 फूट: 131 मिमी
ली वुड्सच्या (क्लिफ्टनसमोरच्या काठाच्या) बाजूचा चौथरा 110 फूट: 168 मिमी

प्रतिकृतीखालच्या पाट्यासाठी 8 बाय 4 फुटांच्या 18 मिमी मरीन प्लायमधून 2 फुटांची पट्टी, म्हणजे 2440 × 610. पाटा दोन तुकड्यांत करू नये. साखळी अखंड असते, सांधा हलला की तिचा बाक बिघडतो. त्यामुळे हॉलचा दरवाजा, जिन्याचं वळण आणि टेम्पोची लांबी आधी मोजून घेतली.

9 जुलै. दोनदा बसवलेला पहिला दगड

फलक क्र. 1. दारूचे व्यापारी विल्यम व्हिक यांनी 1754 मध्ये मृत्युपत्रात 1,000 पौंड ठेवले. व्याजासकट ते 10,000 झाले की एव्हन नदीच्या घळीवर दगडी पूल बांधायचा, ही अट. 1829 मध्ये ठेव 8,000 वर पोचली होती. तोवर दगडी पुलाचा खर्च त्याच्या कितीतरी पुढे गेल्यामुळे लोखंडी झुलत्या पुलाची स्पर्धा जाहीर झाली. परीक्षक टॉमस टेलफर्ड यांनी सगळे आराखडे नाकारले. दुसऱ्या स्पर्धेत तरुण अभियंता इसंबार्ड किंग्डम ब्रुनेल यांची निवड झाली.

21 जून 1831 ला काम सुरू झाल्याचा समारंभ झाला. ऑक्टोबरअखेर ब्रिस्टलमध्ये मतदान सुधारणेवरून दंगल पेटली, शहराची पत ढासळली आणि काम थांबलं. 27 ऑगस्ट 1836 ला पुन्हा पायाभरणी, या वेळी मार्क्विस ऑफ नॉर्थॅम्प्टन यांच्या हस्ते. 1843 ला पैसे संपले. अर्धवट मनोरे तसेच उभे राहिले.

फलकावर दोन्ही तारखा सारख्याच ठळक छापायच्या. पायाभरणी म्हणजे वर्गणीदारांना दिलेली हमी असे. शेअर विकायचे तर काम सुरू झाल्याचं दिसायला हवं, म्हणून चांदीची थापी, लाकडी मोगरी, दगडाखालच्या पोकळीत नाणी आणि वर्तमानपत्रं हा सोपस्कार इतका थाटात होई. पैशाची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच पायाभरणीचा थाट सर्वांत मोठा असतो, हे क्लिफ्टनला दोनदा दिसतं.

13 जुलै. घळीचे कडे

थर्माकोलचे 50 मिमी थर एकावर एक. चिकटवायला पांढरा फेव्हिकॉल. रबर-सॉल्व्हंटचा पिवळा गोंद थर्माकोल विरघळवतो, आणि आतल्या आत खड्डा पडल्याचं वरून कळतही नाही. कडे कापायला गरम तार, पण 45 अंशांची गुळगुळीत उतरण करू नये. एव्हनची घळ कार्बोनिफेरस चुनखडीची आहे. थर तिरपे, तुटलेले, करड्या रंगात मधूनमधून तांबूस डाग. कटरने थराच्या दिशेने तुकडे उपटले की तसा पोत येतो.

वरून प्लास्टरचा 2-3 मिमी थर. जुलैतल्या दमटपणात प्लास्टर वरून कडक आणि आतून ओलं राहतं. त्यावर रंग दिला तर आठवड्याने फुगे येतात. एका दिवशी एकच थर, पंखा चालू, दुसऱ्या दिवशी नखाने खरवडून बघायचं: पांढरी भुकटी निघाली तर वाळलं, लगदा निघाला तर नाही. पाट्याच्या खालच्या बाजूलाही सीलर मारला. एकाच बाजूने ओल घेतली की प्लाय धनुष्यासारखा वळतो आणि दोन मनोऱ्यांमधलं अंतर बदलतं.

नदी भरतीची दाखवली. एव्हनच्या मुखाशी भरती-ओहोटीतला फरक 13 मीटरच्या आसपास जातो. ओहोटी दाखवायची तर रस्ता पाण्यापासून आणखी 65 मिमी उंच येतो आणि दोन्ही काठांवर चिखलाचे चकाकते उतार करावे लागतात. 75 मीटर हा आकडा भरतीच्या पाण्यापासूनचा असल्यामुळे पाण्याची पातळी तीच धरली.

18 जुलै. मनोरे

दोन्ही मनोरे एकाच साच्यातून काढायचे नाहीत. दिसायला जोडीचे असले तरी क्लिफ्टनकडच्या मनोऱ्याला बाजूने खिडक्यांसारखी भोकं आहेत आणि ली वुड्सकडच्या मनोऱ्याच्या कमानी जास्त टोकदार आहेत. ब्रुनेल यांना इजिप्शियन धाटणीचं आच्छादन आणि माथ्यावर स्फिंक्स हवे होते. पैशाअभावी ते कधीच झालं नाही. म्हणून 1864 च्या प्रतिकृतीत दगड उघडाच.

ली वुड्सकडचा 168 मिमीचा चौथरा पोकळ केला. खरा चौथराही भरीव नाही. आत 12 कमानदार दालनं आहेत, सर्वांत उंच सुमारे 11 मीटर, आणि त्यांचा पत्ता 2002 मध्ये लागला. मागच्या बाजूला ॲक्रिलिकची खिडकी ठेवून आत मंद दिवा. दिव्याची वायर याच पोकळीतून वर जाते.

मनोऱ्याच्या माथ्यावर साखळी घट्ट चिकटवायची नाही. खऱ्या पुलावर तिथे रोलरवर सरकणारी खोगिरं आहेत. 20 अंशांच्या फरकाने 214 मीटर लोखंड सुमारे 50 मिमी लांब होतं आणि भारही एका गाळ्याकडून दुसरीकडे सरकतो. हा ताण दगडी मनोऱ्याच्या डोक्याला आडवा ढकलू नये, म्हणून रोलर. प्रतिकृतीत पितळी नळीचा 4 मिमी तुकडा, त्यातून तार मोकळी सरकते.

24 जुलै. साखळ्या

या पुलाच्या साखळ्यांची कथा फलक क्र. 2 वर सविस्तर द्यायची आहे. ब्रुनेल यांच्या काळी बनवलेलं लोखंड पैसे संपल्यावर विकलं गेलं आणि त्यातला काही भाग सॉल्टॅशच्या रॉयल अल्बर्ट पुलात लागला. ब्रुनेल 15 सप्टेंबर 1859 ला वारले. पुढच्याच वर्षी त्यांचाच लंडनमधला हंगरफर्डचा पादचारी पूल रेल्वेसाठी पाडायचा ठरला. त्याच्या साखळ्या 5,000 पौंडांना मिळाल्या आणि स्थापत्य अभियंत्यांनी क्लिफ्टनचा पूल त्यांचं स्मारक म्हणून पुरा करायला घेतला. विल्यम हेन्री बार्लो आणि जॉन हॉकशॉ यांनी आराखडा बदलला: रस्ता 24 ऐवजी 31 फूट, प्रत्येक बाजूला दोनऐवजी तीन साखळ्या. म्हणजे 1864 ला जे साजरं झालं ते दुसऱ्या शहराच्या पुलातून आलेलं लोखंड होतं.

तीन साखळ्यांचा फायदा मांडणीत दिसतो. एक कडी सुमारे 24 फूट लांब. तिन्ही साखळ्यांचे सांधे एकमेकांपासून 8 फूट पुढे सरकवले, त्यामुळे दर 8 फुटांवर कुठल्या ना कुठल्या साखळीचा सांधा येतो आणि त्याला सळी लोंबते. प्रतिकृतीत कडी 36.6 मिमी, सळ्यांमधलं अंतर 12.2 मिमी.

साखळीसाठी 0.8 मिमी पितळी तार, 2.5 मीटरचे 6 तुकडे. गुंडाळीची तार हाताने ओढून सरळ होत नाही. एक टोक शेगड्यात, दुसरं ड्रिलच्या जबड्यात धरून ताण ठेवत हळू फिरवायचं. पीळ बसला की तार सळईसारखी सरळ होते. फार फिरवली तर ठिसूळ होऊन तुटते, त्यामुळे थांबून थांबून.

27 जुलै. फर्मा आणि सळ्यांचा तक्ता

एका बाजूला 81, दोन्ही बाजूंना मिळून 162 सळ्या. टोकाची 20 मीटर, मधली 0.91 मीटर, म्हणजे 100 मिमी आणि 4.5 मिमी. मोकळी साखळी कॅटेनरी वक्रात लोंबते. जड, सारख्या वजनाचा रस्ता टांगला की वक्र पॅराबोलाकडे जातो. म्हणून लांबीचं सूत्र असं, मधल्या सळीचा क्रमांक 0 धरून:

लांबी = 4.5 + 95.5 × (क्रमांक ÷ 40)²

10 व्या सळीला 10.5 मिमी, 20 व्या 28.4, 30 व्या 58.2, 40 व्या 100. सूत्र मधल्या साखळीचं. वरच्या साखळीला लागणाऱ्या सळीत 2 मिमी वाढवायचे, खालच्या साखळीच्या सळीत 2 मिमी वजा. तक्त्यात तीन रंग केले नाहीत तर निम्म्या सळ्या चुकीच्या साखळीला लागतात. एका बाजूला निव्वळ 3 मीटर तार लागते. वाकवण आणि वाया जाणारे तुकडे धरून 0.3 मिमी तार 10 मीटर घेतली.

6 मिमी एमडीएफवर वक्र छापून फर्मा कापला, तारांसाठी खिळ्यांच्या तीन रांगा. फर्मा टेबलावर 4.5 मिमी तिरका ठेवायचा. खऱ्या पुलाचा क्लिफ्टनकडचा शेवट 3 फूट उंच ठेवला आहे, कारण दोन्ही काठ सारखे नसलेल्या या घळीत अगदी सपाट रस्ता डोळ्याला उतरता वाटला असता. फर्मा लेव्हलमध्ये ठेवला तर हा तिरकेपणा शेवटी सळ्या खेचून आणावा लागतो आणि मग त्या ओळंब्यात राहत नाहीत.

2 ऑगस्ट. सोल्डर

सांधे फक्त 12 मिमीवर. एक तापवला की शेजारचा सुटतो. उपाय: मधून दोन्हीकडे क्रमाने न जाता आधी दर दहावी सळी, मग दर पाचवी, मग उरलेल्या. शेजारच्या सांध्यावर ओल्या कापसाचा बोळा. सोल्डरिंग आयर्न बारीक टोकाचं पण 40 वॉटचं घ्यायचं. कमी वॉटचं आयर्न जास्त वेळ धरावं लागतं आणि तेवढ्यात उष्णता तारेतून पुढे पळते. सोल्डरचा छोटा मणी ठेवायचा, घासून काढायचा नाही. दुरून तो कड्यांच्या जोडखिळीसारखा दिसतो.

फ्लक्स (सोल्डर धरावं म्हणून सांध्याला लावलेला लेप) त्याच दिवशी कोमट पाण्याने आणि ब्रशने धुवायचा. दमट हवेत राहिलेला फ्लक्स पितळेवर हिरवा चढतो आणि मग रंग धरत नाही.

5 ऑगस्ट. चाचणीचा भार, आणि लोक

या प्रदर्शनातला सर्वांत महत्त्वाचा फलक हाच.

उद्घाटनाआधी पुलावर 500 टन दगड पसरून चाचणी झाली. रस्ता 7 इंच खाली आला, अपेक्षेच्या आत. हा आकडा नुसता छापला तर तो पोकळ राहतो. रस्त्याच्या क्षेत्रफळाने भागून बघायचा: 214 × 9.45 मीटर म्हणजे सुमारे 2,020 चौरस मीटर. 500 ब्रिटिश टन म्हणजे 508 मेट्रिक टन. दर चौरस मीटरला 250 किलो. 65 किलोची माणसं धरली तर चौरस मीटरला जवळजवळ चार. कडेचे गर्डर थोडी जागा खातात, म्हणजे प्रत्यक्षात थोडं जास्तच. चार माणसं म्हणजे खांद्याला खांदा. मिरवणूक बघायला लोटलेली गर्दी नेमकी इतकीच दाटते. दगडांनी आधी तपासलेला भार म्हणजे उद्घाटनाची गर्दीच होय.

याची गरज का होती, त्यासाठी शेजारी दोन घटना. 12 एप्रिल 1831, ब्रॉटन: सैनिकांची तुकडी पावलात पाऊल टाकत झुलत्या पुलावरून निघाली, पूल हेलकावे खाऊ लागला आणि एका टोकाची साखळी सुटली. पुलावर पाऊल मोडून चालायचा लष्करी आदेश त्यानंतरचा. 2 मे 1845, ग्रेट यारमथ: सर्कशीचा विदूषक टबात बसून नदीतून येणार म्हणून पुलावर गर्दी जमली. तो दिसताच सगळे एका कठड्याकडे सरकले. एका बाजूच्या साखळीवर भार एकवटला, सदोष वेल्डची एक पट्टी तुटली, जोडीच्या पट्टीला तो झेपला नाही. 79 मृत्यू, बहुतेक मुलं. क्लिफ्टनला बाजूला तीन साखळ्या घेणाऱ्या पिढीने यारमथ पाहिलेलं होतं. फलकावर मृतांचा आकडा ठळक द्यायचा, विदूषकाचं चित्र लावायचं नाही.

प्रतिकृतीवर चाचणी करून दाखवायचा मोह टाळावा. 1:200 ला वजन 200 च्या घनाने कमी होतं, म्हणजे 500 टनांऐवजी 63.5 ग्रॅम वाळू. 7 इंचांचे होतात 0.9 मिमी. पण 63 ग्रॅमने 0.9 मिमी झोळ येणार नाही, कारण वजन घनाने घटतं तर तारेचा छेद वर्गाने. तारेतला ताण 200 पट कमी पडतो. प्रेक्षकाला वाटेल, पूल हललाच नाही. त्याऐवजी कठड्यालगत दोन रेषा: बिनभाराची आणि 0.9 मिमी खालची. सोबत भिंग.

11 ऑगस्ट. गर्दी

चौरस मीटर म्हणजे 5 × 5 मिमी. सगळा रस्ता भरायचा तर 8,000 च्या आसपास आकृत्या लागतील. फक्त 50 मिमीचा पट्टा पूर्ण दाटीचा केला: 50 × 47 मिमीत 378 आकृत्या, 1 मिमी कार्डातून लेझरने कापलेल्या, उंची 8.5 मिमी. बाकी पुलावर विरळ मिरवणूक. पट्ट्यावर पाटी: "चाचणीच्या भाराइतकी गर्दी".

रंग काळा, तपकिरी, गडद निळा. डिसेंबरातला गुरुवार, थंडी, ओव्हरकोट आणि शाली. रंगीत ठिपके विखुरले तर गावच्या जत्रेसारखं दिसतं आणि काळ चुकतो. रंग निशाणांवर ठेवायचा. युनियन जॅक आजच्याच आकाराचा चालतो, तो 1801 पासून बदललेला नाही.

पुलाच्या वाटेवर हिरव्या फांद्यांची स्वागतकमान ठेवली. अशा कमानी लाकडी चौकटीवर लॉरेल, हॉली, स्प्रूसच्या फांद्या बांधून करत. ही झाडं पानगळीतही हिरवी राहतात. पानांनी भरलेली चौकट वारा शिडासारखा धरते, त्यामुळे दोन्ही पायांना मागून तिरके टेकू दाखवायलाच हवेत.

17 ऑगस्ट. मॅग्नेशियमचे दिवे

डिसेंबरात ब्रिस्टलला चारच्या सुमारास सूर्य मावळतो. उद्घाटनाच्या रात्री पूल मॅग्नेशियमच्या ज्योतींनी उजळला आणि वाऱ्याने त्या विझवल्या. मॅग्नेशियम तेव्हा अगदी नवं होतं. एडवर्ड सोनस्टाट यांच्या पद्धतीने, मॅग्नेशियम क्लोराइडवर सोडियमची प्रक्रिया करून, मँचेस्टर भागात नुकतीच त्याची तार तयार होऊ लागली होती. 1864 मध्येच मँचेस्टरचे आल्फ्रेड ब्रदर्स यांनी त्याच्या उजेडात छायाचित्रं घेतली. नव्या पुलावर नवा उजेड लावण्याची ही हौस त्या पिढीच्या स्वभावाला धरून होती.

वाऱ्याने ती ज्योत का विझते? पट्टी फक्त टोकाला जळते. पातळ पट्टीचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा, वारा उष्णता ओढून नेतो आणि जळून उरलेल्या पांढऱ्या ऑक्साइडचं टोक जळत्या भागासकट मोडून पडतं.

प्रदर्शनात खरं मॅग्नेशियम जाळायचं नाही. तापमान 3,000 अंशांजवळ, नुसत्या डोळ्याने बघणं घातक, पाणी टाकलं तर हायड्रोजन निघतो, आणि कार्बन डायऑक्साइडमध्येही ते जळत राहतं, म्हणजे भिंतीवरचं तसलं सिलिंडर निरुपयोगी.

त्याऐवजी 20 पांढरे 0603 आकाराचे (अगदी छोटे) एलईडी, 6500 केल्विन. 5 व्होल्ट, प्रत्येकाला 390 ओहम, सुमारे 5 मिलिअँपिअर. एटीटायनी 85 या मायक्रोकंट्रोलर चिपच्या पाच पिनांवर चार-चार, म्हणजे पिनमागे 20 मिलिअँपिअर, सुरक्षित. ऋण बाजू साखळीतूनच, धन बाजूला 0.1 मिमी एनॅमल तार. एनॅमल सोल्डरने जाळल्यावर टोक सोडून मागेही उघडं पडतं आणि सळीला टेकलं की पूर्ण गट बंद. प्रत्येक टोकाला नेलपॉलिशचा थेंब.

गट शेजारच्या दिव्यांचे केले, विखुरलेले नाहीत. झोत येतो तेव्हा लागून असलेले दिवे एकामागून एक जातात. गटांमध्ये 200 ते 400 मिलिसेकंदांचा फरक. शेवटी सगळे बंद, 40 सेकंद फक्त चौथऱ्यातला मंद दिवा. मग चक्र पुन्हा.

23 ऑगस्ट. सोबतचे फलक

सॉल्टॅशचा रॉयल अल्बर्ट पूल, 1 सप्टेंबर 1857: उद्घाटन नव्हे, तर हजार टनांवरची पहिली कमानी तराफ्यांवरून जागी नेण्याचा दिवस. काठांवर प्रचंड गर्दी. ब्रुनेल यांनी सगळे हुकूम निशाणांच्या खुणांनी दिले, आणि लोकांना शांतता पाळायला सांगितलं होतं. क्लिफ्टनला गर्दी भार होती, इथे ती आवाज होती आणि काम चालेपर्यंत तिने आवाज केला नाही. 2 मे 1859 ला प्रिन्स अल्बर्ट यांनी पूल खुला केला तेव्हा ब्रुनेल आजारामुळे येऊ शकले नाहीत.

क्रॉसनेस, 4 एप्रिल 1865: लंडनच्या सांडपाण्याचं पंपिंग स्टेशन. चार वाफ-इंजिनांना राजघराण्यातली नावं: व्हिक्टोरिया, प्रिन्स कॉन्सॉर्ट, अल्बर्ट एडवर्ड, अलेक्झांड्रा. लहान फलक पुरे.

बोरीबंदर ते ठाणे, 16 एप्रिल 1853: 14 डबे, सुमारे 400 पाहुणे, 21 तोफांची सलामी, दुपारी 3:35 ला गाडी सुटली, 34 किलोमीटर. मुख्य अभियंता जेम्स बर्कले हे इंग्लिश रेल्वे अभियंता रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली तयार झालेले. पायाभरणीपासून सलामीपर्यंतचा सोहळ्याचा साचा इंग्लंडहून जसाच्या तसा इथे आला, म्हणून हा फलक क्लिफ्टनशेजारी.

30 ऑगस्ट. बसवणी

पाटा चार कोपऱ्यांवर समायोज्य पायांवर. आधी पाण्याच्या नळीने पाटा लेव्हल, मग रस्त्याचा 4.5 मिमी चढ तपासायचा, उलट क्रमाने नाही. मधल्या सळीपाशी साखळी आणि रस्ता यांत 4.5 मिमीची फळी अडकली तर पाटा वाकला आहे असं समजावं. पाय फिरवून तो सरळ करायचा, तार ओढून नाही.

ॲक्रिलिकच्या पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या, पावसाळा संपेपर्यंत दर आठवड्याला बदलायच्या. धूळ ब्लोअरने, ब्रशने नाही. ब्रश सळ्यांत अडकतो. सुटलेल्या सळीसाठी तक्त्याची प्रत पाट्याखाली चिकटवली, सोबत 0.3 मिमी तार 1 मीटर आणि जास्तीचे 4 एलईडी.